दूध बिलाच्या फाइलीतील स्वल्पविरामाबद्दल : सॉफ्टवेअर कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
सहकारी दूध संस्थांना संगणकप्रणाली पुरवणाऱ्या सर्व कंपन्या,
कोल्हापूर जिल्हा

स. न. वि. वि.

यंदा मे महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीकडून आमच्या संस्थेला सूचना आली. 'फाइल एक्स्पोर्ट करण्यापूर्वी संगणकाचे रिजन इंग्लिश युनायटेड स्टेट्स करून घ्यावे. तसे न केल्यास फाइलमधील चुकांची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही.' बस, एवढेच. रिजन म्हणजे संगणकाने आकडे आणि तारखा कोणत्या देशाच्या रीतीने लिहायच्या ती सेटिंग. ती सूचना मी मुकाट्याने पाळली, आणि जूनमध्ये १४३ बायकांचे दुधाचे पैसे सहा दिवस अडकले. म्हणून हे पत्र.

मी करवीर तालुक्यातल्या एका महिला दूध संस्थेची सचिव आहे. या कामाला चौदा वर्षे झाली. पहाटे साडेपाचला काट्याजवळ उभे राहायचे, दूध मोजून घ्यायचे, फॅट काढायची, पावती द्यायची, संध्याकाळी पुन्हा तेच. आणि दर दहा दिवसांनी बिल काढायचे. पूर्वी बिल वहीवर काढून रोख वाटत होतो. आता पैसे थेट खात्यावर जातात. ते चांगलेच झाले, बाईचे पैसे बाईच्या नावावर पडतात. पण त्यासाठी तुमच्या प्रणालीतून एक फाइल काढून बँकेच्या पोर्टलवर चढवावी लागते. सीएसव्ही म्हणतात तिला. साधी मजकुराची फाइल असते, एका ओळीत एक सभासद, आणि नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख यांच्या मध्ये एक खूण. ही खूण कोणती, यावरच सगळे अवलंबून असते.

कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शेजारच्या गावांतल्या संस्थांकडे दुसऱ्या कंपन्यांच्या प्रणाली आहेत, आणि तिथल्या सचिवांकडूनही मी हेच ऐकते. दोष एका कंपनीचा असता तर मी त्यांच्या कचेरीत जाऊन बोलले असते.

सुरुवात गेल्या पावसाळ्यात झाली. विजेचा दाब वाढून संस्थेचा संगणक जळाला. बिल तर थांबवता येत नाही. माझा पुतण्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत डिस्पॅचला आहे, त्याने आपला लॅपटॉप दिला. बॅकअप होता, त्यावर प्रणाली बसवली, बिल काढले, फाइल काढली. पोर्टलने एकही ओळ घेतली नाही. नोटपॅडमध्ये फाइल उघडून पाहिली तर प्रत्येक ओळीत स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम, आणि ४,३२०.५० च्या जागी ४.३२०,५०. मला वाटले फाइल बिघडली. पुतण्या म्हणाला, "काकी, फाइल बरोबर हाय, लॅपटॉप जर्मन हाय."

त्यांच्या फौंड्रीचे कास्टिंग जर्मनीला जाते, तिकडच्या गिऱ्हाईकाच्या याद्या नीट उघडाव्यात म्हणून त्याने विंडोजचे रिजन जर्मनी करून ठेवले होते. जर्मनीत दशांशाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. आपले १२३४.५० ते १.२३४,५० असे लिहितात. स्वल्पविराम दशांशात खर्ची पडल्यावर रकाने वेगळे करायला दुसरी खूण हवी, म्हणून तिथे अर्धविराम. विंडोजमध्ये याची जागाच आहे : कंट्रोल पॅनेल, रिजन, ॲडिशनल सेटिंग्ज, आणि त्यात 'लिस्ट सेपरेटर', म्हणजे रकाने तोडणारी खूण. रिजन बदलले की ही खूण आपोआप बदलते. एक्सेलसुद्धा तिथूनच ती घेते. 'सीएसव्ही, कॉमा डिलिमिटेड', म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेली, असे नाव असलेला पर्याय निवडला तरी जर्मन रिजनच्या संगणकावर अर्धविरामच पडतो. त्यांच्या चालीप्रमाणे हे बरोबर आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही.

त्याच दिवशी आणखी एक प्रकार पाहिला तो सांगते, कारण तो जास्त भीतीदायक आहे. आमची जुनी संकलनाची फाइल त्या लॅपटॉपवर उघडली तर सगळी ओळ एकाच रकान्यात आली. पुतण्याने ती स्वल्पविरामावर तोडली. रकाने झाले, पण म्हशीच्या दुधाची ६.५ फॅट होती तिथे सहा मे ही तारीख बसली, ७.२ च्या जागी सात फेब्रुवारी. जर्मन चालीत टिंब हे तारखेतले असते, म्हणून यंत्राने फॅटला तारीख समजले. कोणताही इशारा नाही, लाल अक्षर नाही. एखाद्याने तशीच सेव्ह केली असती तर त्या बायकांची फॅट कायमची गेली असती. फॅटवर दर ठरतो आणि दरावर घर चालते, हे तुम्हाला सांगायला नको.

मी कंपनीला सगळे लिहून कळवले. दोन्ही फाइली जोडल्या. उत्तर म्हणून काही महिन्यांनी आली ती वर दिलेली सूचना.

आता माझे म्हणणे नीट ऐका. भारताच्या रिजनमध्ये लिस्ट सेपरेटर स्वल्पविरामच असतो. अमेरिकेच्याही. दशांशाला दोन्हीकडे टिंबच. म्हणजे ज्या खुणेमुळे हे सगळे सुरू झाले, तिच्यात भारताचे रिजन बदलून अमेरिकेचे केल्याने तिळमात्र फरक पडत नाही. फरक पडतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींत, आणि त्या दोन्ही आमच्या मुळावर येतात. तारीख आणि लाखाचा स्वल्पविराम. मला शंका आहे की तुमच्या कचेरीतले संगणक अमेरिकेच्या रिजनवर आहेत, तिथे चाचणी नीट होते, आणि म्हणून आम्हीही तेच करावे असे तुम्हाला वाटले. तसे असेल तर तुम्ही चूक दुरुस्त केली नाही, तिची जागा फक्त बदलली.

तारखेचे काय झाले ते सांगते. १ ते १० जूनचे बिल आम्ही १२ जूनला काढले. नव्या रिजनप्रमाणे फाइलीत तारीख पडली ६/१२. महिना आधी, दिवस नंतर. बँकेच्या पोर्टलने ती आपल्याकडच्या रीतीने वाचली : ६ डिसेंबर. पुढची तारीख म्हणून फाइल स्वीकारली आणि बाजूला ठेवली. मला पडद्यावर 'स्वीकारले' दिसले, मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर एक एक बाई विचारू लागली. "वैनी, पैसं आलं न्हाईत खात्यावर. शाळा सुरू हुतीया, पोरीच्या वह्या घ्यायच्या हुत्या." मी म्हटले संध्याकाळपर्यंत येतील. संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी मावशी काही बोलली नाही, फक्त पासबुक माझ्यासमोर उघडून धरले. चौदा वर्षांत माझ्या हिशेबावर कोणी संशय घेतला नव्हता. मग बँकेत जाऊन फाइल रद्द करणे, मध्ये रविवार, पुन्हा काढणे, अध्यक्षांच्या सह्या. सहा दिवस.

जूनचा दुसरा आठवडा म्हणजे काय असतो हे तुमच्यापैकी जे खेड्यातून आलेत त्यांना माहीत असेल. पेरणी, खत, शाळा, सगळे एकदम. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, घर चालते दुधाच्या बिलावर.

यातली दुसरी बाजू मला नंतर कळली. आमचे संकलनाचे रजिस्टर जुन्या, भारताच्या रीतीने काढलेले होते : ०१-०६, ०२-०६ असे. ते आता अमेरिका केलेल्या संगणकावर उघडले की १ जूनची सहा जानेवारी होते, २ जूनची सहा फेब्रुवारी, १० जूनची सहा ऑक्टोबर. दहा दिवसांचे संकलन दहा महिन्यांत विखुरले जाते आणि यंत्राला त्यात काही खटकत नाही, कारण प्रत्येक तारीख खरीच असते. दुसऱ्या बिलाला, ११ ते २० ला, अकरा आणि बारा तारीख उलटी होते आणि तेरापासून पुढे यंत्र अडते, कारण तेरावा महिना नसतो. तिसरे बिल पूर्ण अडते. जे अडते ते निदान डोळ्याला दिसते. आमच्याकडे महिन्याचे पहिले बिल नेमके त्या बारा दिवसांच्या आत येते जिथे चूक दिसतच नाही. दहा दिवसांच्या बिलाची पद्धत तुमच्या प्रणालीत तुम्हीच बसवली आहे. मग ही सूचना काढताना कोणीतरी जूनची एक फाइल काढून पाहायला हवी होती.

दुसरी गोष्ट रकमेतल्या स्वल्पविरामाची. ही रिजन भारताचे असो की अमेरिकेचे, आहेच. तुमची प्रणाली फाइलीत रक्कम लिहिते ती पावतीवर छापते तशीच, म्हणजे ६,२४०.५०, आणि भोवती अवतरणचिन्ह देत नाही. रकाना तोडायची खूणही स्वल्पविराम आणि हजाराची खूणही स्वल्पविराम. मग ६ एका रकान्यात जातो, २४०.५० पुढच्या रकान्यात, आणि त्यानंतरचे सगळे एक घर पुढे सरकते. हजाराच्या आतल्या रकमा नीट राहतात. म्हणजे जिने कमी दूध घातले तिचे बिल बरोबर आणि जिने दोन म्हशी सांभाळून दहा दिवस रोज भरघोस दूध घातले तिच्या नावापुढे सहा रुपये. पत्त्याचेही तसेच. आपल्याकडे पत्ता 'मु. पो., ता. करवीर, जि. कोल्हापूर' असा स्वल्पविरामाशिवाय लिहिलाच जात नाही. संस्थेच्या एकूण रकमेत तर दोन स्वल्पविराम असतात, १,२४,६०० चे तीन तुकडे होतात. मी दर बिलाला ही फाइल हाताने साफ करत आले आहे. नोटपॅडमध्ये एक एक स्वल्पविराम पुसत. कंपनीच्या मदत केंद्राने मला हाच उपाय सांगितला होता.

यावर उपाय नवीन नाही. सीएसव्ही फाइल कशी असावी याचा लेखी दस्तऐवज, आरएफसी ४१८०, ऑक्टोबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात साधेच सांगितले आहे की रकान्याच्या मजकुरात स्वल्पविराम असेल तर तो मजकूर दुहेरी अवतरणचिन्हात ठेवावा. पुतण्याने मला ते वाचून दाखवले. आणि प्रोग्रॅमरलाही वेगळे कष्ट नाहीत. डॉट नेटसारख्या प्रोग्रॅम लिहिण्याच्या प्रणालीत कोणत्याही देशाच्या रीतीला न बांधलेले आकडे लिहिण्यासाठी 'इन्व्हेरियंट कल्चर' नावाची सोय आधीपासून आहे. त्याने सांगितले की फौंड्रीतल्या त्यांच्या प्रोग्रॅममध्ये फाइल काढताना खूण कोणती हवी ते पडद्यावर विचारले जाते. जर्मन गिऱ्हाईकाला अर्धविराम, इथल्या बँकेला स्वल्पविराम, आणि संगणकाचे रिजन काही का असेना. कास्टिंगच्या यादीला मिळते ती सोय दुधाच्या बिलाला का मिळू नये?

काही ठिकाणी पहिल्या ओळीत 'सेप=' लिहून पुढे खूण देण्याची युक्ती सांगितली जाते. ती एक्सेलला समजते, बँकेच्या पोर्टलला नाही. ते त्या ओळीला सभासदच समजते. कृपा करून ती सूचना आम्हाला पाठवू नका.

तिसरी गोष्ट लाखाच्या स्वल्पविरामाची. थोडक्यात सांगते, पण ती आमच्या अध्यक्षांनी मला लिहायला सांगितली आहे. रिजन हे एका प्रणालीपुरते नसते, सगळ्या संगणकाचे असते. अमेरिका केल्यावर एक्सेलमध्ये १,२४,६०० चे १२४,६०० झाले. आमच्या अध्यक्ष चौथीपर्यंत शिकल्या आहेत आणि आकडा स्वल्पविरामावरून वाचतात : पहिला स्वल्पविराम लाखाचा, दुसरा हजाराचा. वार्षिक सभेचा अहवाल त्यांनी हातात घेतला आणि पहिल्यांदाच मला विचारले, "हे किती हाय, तूच वाचून सांग." पंचवीस वर्षे संस्था चालवणाऱ्या बाईला स्वतःच्या संस्थेचा आकडा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. एका फाइलीसाठी ही किंमत आम्ही का द्यावी?

तुमच्याकडून एक उत्तर नेहमी येते, त्याचा उल्लेख करते. 'मॅडम, तुम्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली असेल.' यात तथ्य आहे. सीएसव्हीवर डबल क्लिक केले की एक्सेल प्रत्येक घराचा स्वतःच अर्थ लावते. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये जातात. लांब क्रमांक ई-अधिक अशा रूपात दिसतो. आणि पंधरा आकड्यांच्या पुढचे आकडे एक्सेल ठेवतच नाही, त्यामुळे सोळा आकडी खात्याचा शेवटचा आकडा शून्य होतो. मी हे स्वतः शिकले, नुकसान होता होता शिकले. पण मला सांगा, ही फाइल मी का उघडते? त्यातले स्वल्पविराम पुसायचे असतात म्हणून. तुम्ही फाइल धड दिलीत तर ती उघडायचे मला कारणच उरणार नाही. आणि उघडू नये असे असेल तर तुमच्या माहितीपुस्तिकेत ते मराठीत लिहा. चौदा वर्षांत मला मराठीत छापलेले एक पान मिळालेले नाही.

माझ्या सचिव भगिनी आणि बंधूंसाठी इथेच सांगून ठेवते, कारण हे पत्र तेही वाचतील. फाइल तपासायची असेल तर नोटपॅडमध्ये तपासा. एक्सेलमध्येच पाहायची असेल तर डबल क्लिक करू नका. रिकामे एक्सेल उघडा, 'डेटा' मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, खूण कोणती ते स्वतः निवडा आणि खाते क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' करा. मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हे दिसली तर तिथेच वर फाइल ओरिजिनमध्ये यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत निवडा. आणि पोर्टलवर चढवल्यावर 'स्वीकारले' या शब्दावर विसंबू नका. पैसे कोणत्या तारखेला निघणार ते उघडून बघा.

आता आमच्या मागण्या.

रिजन बदलण्याची सूचना लेखी मागे घ्या, आणि त्यातले जबाबदारी झटकणारे वाक्यही. संगणक आमचा आहे, त्याचे रिजन भारतच राहील. फाइल तुमचा प्रोग्रॅम लिहितो, ती बरोबर असण्याची जबाबदारी तुमची आहे.

एक्स्पोर्टच्या पडद्यावर रकाने तोडणारी खूण कोणती ते दिसू द्या आणि निवडू द्या. विंडोजवरून ती घेऊ नका. एकदा बँकेप्रमाणे ठरवली की संगणक बदलला, जळला, दुसऱ्याचा आणला तरी ती तीच राहिली पाहिजे.

फाइलीत रक्कम हजार-लाखाच्या खुणेशिवाय आणि दशांशाला टिंब देऊन लिहा. ६२४०.५० असे. पावतीवर मात्र ६,२४०.५० असेच छापा, बायकांना ते तसेच वाचायची सवय आहे. नाव, पत्ता आणि खाते क्रमांक अवतरणचिन्हात ठेवा. तारीख बँक सांगेल त्या ठरलेल्या रूपात, आणि बँकेने काही सांगितले नसेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, चार आकडी वर्षासह. त्या क्रमात गोंधळाला जागा नाही.

ज्यांना एक्सेलच हवे आहे त्यांच्यासाठी एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची स्वतःची फाइलही द्या. तिच्यात प्रत्येक घर स्वतंत्र साठवलेले असते, तोडणारी खूणच लागत नाही. खाते क्रमांकाचे घर मजकूर म्हणून साठवा, म्हणजे शून्ये राहतील.

फाइल निघाली की एक चिठ्ठी निघावी : सभासद किती, एकूण रक्कम किती, सर्वांत मोठी रक्कम कोणती, पैसे निघण्याची तारीख कोणती, महिना अक्षरांत लिहून. 'डिसेंबर' हा शब्द मी १२ जूनला वाचला असता तर ती फाइल चढवलीच नसती. ही एक चिठ्ठी उद्या दिलीत तरी बाकीच्यासाठी थोडे थांबायची आमची तयारी आहे.

आणि नवी आवृत्ती वाटण्याआधी ती दोन-तीन संस्थांत चालवून पाहा. आमच्या संस्थेत या. सकाळच्या संकलनानंतर नऊ वाजता मी मोकळी असते. महिन्याचे पहिले बिल माझ्याबरोबर बसून काढा, फाइल चढेपर्यंत थांबा, आणि पैसे जमा झाल्याचा पहिला मेसेज कुणाच्या तरी फोनवर वाजला की मग जा.

पुढचे बिल २२ तारखेला निघेल. सूचना मागे घेतल्याचे पत्र त्याआधी मिळावे. मी संगणकाचे रिजन आज परत भारत केले आहे आणि तसे संस्थेच्या ठरावाच्या वहीत लिहून अध्यक्षांची सही घेतली आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
सचिव, एक महिला दूध संस्था
ता. करवीर, जि. कोल्हापूर